पाचशे अकराच्या पुढे

शालिकरामने नव्या लोखंडी कपाटाचा पहिला खण बाहेर ओढला. तो जराही न कुरकुरता सरकत आला, आणि आत कार्डे उभी होती. दोन, तीन, सात, आठ, अकरा. अनसूयेने वाकून पाहिले, मग दुसरा खण स्वतः ओढून पाहिला. एकशे चार, एकशे सहा, एकशे सात. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत पॅसेंजरमध्ये मांडीवर धरून आणलेले वहीचे गाठोडे तिने अजून खाली ठेवले नव्हते. ते तिने छातीशी आणखी आवळले. शालिकराम तिच्या तोंडाकडे कौतुकाची वाट पाहत उभा होता. इथला कारकून, पन्नाशीला आलेला, डोक्यावर पांढरी टोपी, कानामागे पेन्सिल. "बाई, तुमचे बंडलं लय बेहिसाब बांधेल होते," तो म्हणाला. "एका दोऱ्यात चारशे सतराच्या बाजूले ब्याऐंशी, त्याच्या बाजूले नऊशे तीन. मी काल ट्रक आला तवापासून बसून राहिलो न् सारे एका लायनीत करून ठेवले. न् अजून एक सांगतो. हजारापर्यंत नंबर आहेत, पन कार्डं सहाशे चाळीसच. तीनशे साठ त्या ट्रकवाल्यानं रस्त्यानं पाडले. मी रिपोट लिहून ठेवला." रिपोर्ट टेबलावरच होता, सुवाच्य अक्षरात, खाली झोकदार सही. तिला क्षणभर हसू आले, आणि ते कुठल्या जातीचे हसू आहे ते तिचे तिलाच कळेना.

दवाखान्याच्या पाटीवर त्वचेचे विकार एवढेच लिहिलेले होते. अमरावतीलाही तेवढेच होते. आत येणारी माणसे महारोगाची होती, आणि ती येतात हे त्यांच्या घरच्यांखेरीज कुणाला कळता कामा नये, कधीकधी घरच्यांनाही नाही. एकावन्न साली डॉक्टर कमलाकांतांनी दवाखाना काढला तेव्हा पहिल्या महिन्यात तीन माणसे आली. चौथा रस्त्यावरूनच परत गेला, कारण खिडकीशी त्याच्या गावचा कुणी उभा होता. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आणि सत्तावीस वर्षांच्या अनसूयेने ही रीत बसवली. औषधाचे कार्ड एका कपाटात. त्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त एक नंबर. नावे दुसऱ्या खोलीत, लाल वहीत, एका पानावर वीस. तिथे नंबर नाही. आणि नंबरही ओळीने द्यायचे नाहीत. डालड्याच्या डब्यात एक ते हजार अशा चिठ्ठ्या घातल्या होत्या. नवा माणूस आला की अनसूया डब्यात हात घाली, आणि जो निघेल तो त्याचा नंबर. पहिल्याला चारशे सतरा निघाला, दुसऱ्याला ब्याऐंशी. नाव आणि कार्ड यांना बांधणारी गोष्ट एकच होती, कार्डांचा क्रम. वहीत आठव्या पानावरचे सातवे नाव, म्हणजे कपाटाच्या आठव्या कप्प्यातले सातवे कार्ड. रोग्याला हातात कागद द्यायचा नाही, घरात सापडला तर संसार मोडतो. त्याने खिडकीशी येऊन नाव हळू सांगायचे, बास. वही कुणाच्या हाती लागली तर नुसती नावे मिळतील, कार्डे लागली तर नुसते आकडे. बारा वर्षांत सहाशे चाळीस माणसे झाली, आणि अमरावतीच्या बाजारात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत त्यातल्या एकाचेही नाव फुटले नाही. याचा तिला गर्व होता. तो तिने लपवलाही नव्हता. ती चालायची तशीच, मान वर करून, आणि लोक म्हणायचे, दवाखान्यातली कारकून आहे पण तोरा मामलेदारणीचा.

आता देणगीतून अकोल्याला मोठी इमारत झाली होती, कातडीतला रस काचेवर घेऊन रोग तपासायची स्वतःची सोय झाली होती, आणि अमरावतीच्या भाड्याच्या खोल्या सुटल्या होत्या. हलवाहलव करताना तिने तिचाच नियम पाळला. कार्डे आणि वही एका गाडीत घालायची नाहीत. कार्डे सोमवारी ट्रकने, वही मंगळवारी तिच्या मांडीवर. बत्तीस कप्प्यांचे लाकडी कपाट तिथेच राहिले, वाळवी लागली होती. कप्प्याकप्प्याची कार्डे तिने जशीच्या तशी उचलून दोऱ्याने बांधली होती, आणि कुणी दोरा सोडू नये असे सांगायचे मात्र राहिले. सांगायचे तरी कसे, सांगितले की क्रमात काहीतरी आहे हे कळले. गाडीत मूर्तिजापूरपर्यंत ती स्वतःवर खूश होती. खिडकीबाहेर मार्चचे काळे रान तापत होते, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, आणि ती मनात म्हणत होती, एवढे गाडगेमडके घेऊन निघाले पण एक थेंब सांडला नाही. तेव्हा अकोल्याला शालिकराम, एक अत्यंत प्रामाणिक माणूस, तिची बारा वर्षे नंबराने लावत होता. त्याच्यावर चिडायला जागा नव्हती. दुसऱ्या कुणाचे असे विस्कटलेले आकडे तिच्यापुढे आले असते, तर तिनेही हेच केले असते.

डॉक्टर हरिहर कमलाकांतांच्या जागी नागपूरहून नवे आले होते, तिशीतले, घाईतले, वाईट नव्हेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा पुसला. "म्हणजे आता कुठलं कार्ड कुणाचं हे कुणालाच माहीत नाही?" ते म्हणाले. "बाई, परवा गुरुवार. पन्नासएक लोक येतील. गोळ्या कुणाला वाढवायच्या, कुणाला बंद करायच्या, मी काय चेहरे पाहून ठरवू? एखाद्या धडधाकट माणसाला पाच वर्षं अजून गोळ्या खायला लावीन, आणि ज्याचा रोग चालू आहे त्याला घरी लेकराबाळांत पाठवीन." ते बोलत होते ते सगळे खरे होते. मग ते म्हणाले, "एक करू. शिपायाला वही देऊन गावोगाव पाठवू. विचारून येईल, कधीपासून औषध घेता, कुठे चट्टा होता. जुळवून घेऊ. आणि या वेळी कार्डावर सरळ नाव लिहा. असल्या चोरट्या रीती आता पुरे." शिपाई, हातात लाल वही, चावडीवर उभा राहून नाव विचारतो आहे, हे तिला दिसले. चांदूरबाजारकडची मनकर्णा दिसली, जी सात वर्षे शेतातल्या गवती खोपडीत वेगळे ताट-तांब्या घेऊन राहत होती. गावाला सांगितले होते की तिला दम्याला मोकळी हवा लागते. परवा तीच यायची होती. तिच्या पाच काचा एकामागून एक स्वच्छ निघाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी तसे नवऱ्याला सांगताच ती घरी जाणार होती. "वही शिपायाच्या हाती जाणार नाही," अनसूया म्हणाली. "क्रम मला येतो." डॉक्टरांनी चष्मा घातला. "सहाशे चाळीस आकडे? पाठ?" "मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली, "आणि शालिकरामांना माझ्याजवळ बसवा. कार्डं त्यांनी लावलीत, सापडतील ती त्यांनाच."

आकडे तिने मुद्दाम पाठ केले नव्हते, ते जिभेवर बसले होते. अमरावतीत अंबागेटच्या आतल्या घरात तिचे वडील मोरोपंत ओसरीवर मुलांना वेद शिकवीत. मुली ओसरीच्या आत. स्वयंपाकघराच्या दाराशी ती डाळ निवडीत बसे आणि बाहेर दहा-बारा गळे एका सुरात पुढे जात, मागे येत, परत पुढे जात. पहिला शब्द दुसरा शब्द, दुसरा पहिला, पहिला दुसरा. मग दुसरा तिसरा, तिसरा दुसरा, दुसरा तिसरा. याला जटा म्हणतात एवढे तिला कळले होते, वेणीसारखी एकेक बट उलटसुलट घालीत जायची. त्यात शब्द हरवू शकत नाही, कारण प्रत्येकाला पुढच्याने आणि मागच्याने दोन्ही हातांनी धरलेले असते. अर्थ तिला कळत नव्हता. ओसरीवरच्या पोरांनाही फारसा कळत नसावा. पण आठव्या वर्षी तिला एक अख्खे सूक्त जटेत येत होते आणि ती ते विहिरीवर, घागर भरण्याच्या आवाजात, म्हणून पाहत असे. वडिलांना सांगितले नाही. सांगून त्यांनी काय केले असते, रागावले असते, किंवा त्याहून वाईट, हसून सोडून दिले असते. पुढे दवाखान्यात दर गुरुवारी संध्याकाळी कार्डे परत जागेवर ठेवल्यावर क्रम तपासायचा असे, आणि तिची जीभ आपोआप त्या चालीवर गेली. चारशे सतरा ब्याऐंशी, ब्याऐंशी चारशे सतरा, चारशे सतरा ब्याऐंशी. ब्याऐंशी नऊशे तीन, नऊशे तीन ब्याऐंशी. ओसरीवरच्या कुठल्या पोराने एवढे लांब काही पाठ केले असेल असे तिला वाटत नव्हते. ती पोरे आता सत्यनारायण सांगत हिंडत होती.

मंगळवारी दुपारी ती कपाटासमोर सतरंजी घालून बसली आणि तिने डोळे मिटले. पहिले दोन कप्पे तिला घाम फुटला. एकदा आकडे सुटले की मात्र ते थांबेनात. ती म्हणत जाई, शालिकराम खणातून कार्ड काढी, दोन्ही बाजूंनी पाहून तिच्या हातात देई आणि ती ते शेजारच्या रिकाम्या कपाटाच्या सरकत्या कप्प्यात उभे करी. आधी तो दबकत होता, त्याला आपला गुन्हा कळला होता. "मले का मालूम बाई," तो दर पन्नास कार्डांनी एकदा म्हणे, "मले वाटलं पोरासोरानं बांधले." मग त्याची बोटे तिच्या चालीत पडली. ती 'मागे' आली की तो हातातले कार्ड तपासून घेई, 'पुढे' गेली की पुढचे काढी. बुधवारी सकाळी तर तो स्वतःशी गुणगुणायलाच लागला. चहा आला, निवला. डॉक्टर हरिहर दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले, दुसऱ्या वेळी जरा जास्त थांबले. तिला ते डोळे मिटूनही कळले, आणि तिचा आवाज थोडा चढला. चढू दे, असे तिला वाटले. आयुष्यात एकदा तरी कुणी दारात उभे राहून ऐकावे.

बुधवारी तीन वाजता ती शेवटचा आकडा म्हणाली आणि डोळे उघडले. बत्तिसाव्या कप्प्यात एकोणीस कार्डे उभी होती. शालिकरामच्या हातात एक उरले होते. "अठ्ठावन," तो म्हणाला. "हे तुमी घेतलंच नाई." तो ते शेवटी खोचायला निघाला. तिने त्याचा हात धरला. कार्ड शेवटचे नव्हते, हे उघड होते. ते मधून कुठून तरी गळले होते, आणि जिथून गळले तिथून पुढचे प्रत्येक कार्ड एक घर मागे सरकले होते. तिथून पुढच्या प्रत्येकाच्या नावावर शेजाऱ्याचा रोग लागला होता. कदाचित शंभर माणसे, कदाचित सहाशे. तिने अठ्ठावन्न हा आकडा मनात म्हणून पाहिला. जिभेला त्याची काही ओळख नव्हती. तो कुणाच्या पुढे नव्हता, कुणाच्या मागे नव्हता. दोन दिवसांचा तोरा तिच्या अंगावरून पदर घसरावा तसा खाली आला, आणि तिला प्रथमच भीती वाटली की डॉक्टर म्हणाले तेच करावे लागेल, शिपाई, वही, चावडी.

शालिकराम घसा साफ करीत म्हणाला, "बाई, राग नका मानू. काल एक मी पायलं. पाचशे अकरा झाल्यावर तुमी थांबल्या. बोलल्या काईच नाई. आंगठा असा बोटाच्या पेरावर टेकला न् मंग दोनशे सहा म्हनल्या. मले वाटलं, दम घेऊन राहिल्या." त्याने तिच्यासारखाच अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकून दाखवला. तिने आपल्या हाताकडे पाहिले. अंगठा आत्ताही तिथेच होता.

त्रेपन्न सालच्या एका गुरुवारी, सगळे गेल्यावर, खिडकीशी एक शाल आली. खाली मान, उजवा हात शालीच्या आत. "नाव?" तिने विचारले, वर न पाहता. खिडकीतून तिच्या वडिलांचा आवाज आला, पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव अमरावती. तिच्या हातातला टाक अडखळला नाही. आठव्या पानावर सहा नावे झाली होती, तिने सातवे लिहिले, इतर सहांसारखेच, त्याच अक्षरात. मग डब्यात हात घातला. सहा वर्षांपूर्वी कारंज्याच्या स्थळाने तिची सुपारी फुटल्यावर निरोप पाठवला होता, योग नाही म्हणून, आणि आई त्या दिवसापासून वडिलांचे धोतर वेगळे धुवायला लागली होती, या दोन्हींचे कारण तिला त्या खिडकीत एकदम कळले. चिठ्ठी निघाली, ती तिने कार्डावर उतरवली. घरी ती गेली तेव्हा ते झोपाळ्यावर होते. "आलीस?" ते म्हणाले. "आले," ती म्हणाली. सहा वर्षे ते दर महिन्याला खिडकीशी येत आणि परक्यासारखे नाव सांगत, ती परक्यासारखी वही उघडी, आणि दहा मिनिटांवरच्या घरी दोघे दोन रस्त्यांनी जात. घरात त्याबद्दल एक शब्द झाला नाही. इतकी नावे तिने राखली, पण हे एक तिने स्वतःपासूनही राखले. म्हणताना त्या जागी ती गप्प होई आणि अंगठा पेरावर टेकी. कपाटात कार्ड जागेवर दिसतच होते, त्यामुळे म्हटले काय आणि न म्हटले काय, कधी अडले नाही.

आणि एकदा, छप्पन साली असेल, ते बाकावर गोळ्यांची वाट पाहत बसले असताना ती आत क्रम तपासत होती. बाहेरून आवाज आला, "जटा म्हणतेस." ती दाराशी आली. हो म्हणाली. "कुणी शिकवली?" "कुणी नाही," ती म्हणाली. ती वाट पाहत होती, कशाची ते तिलाही माहीत नव्हते. मग त्यांनी शिष्याकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहिले, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. "स्वच्छ म्हणतेस. माझ्या पोरांपेक्षा. पण एका जागी गाळतेस. गाळलं की पुढचं सगळं सैल होतं. म्हण." ती गप्प राहिली. आपण काय गाळतो हे त्यांना कळले असेल का, हे तिने तेव्हापासून किती वेळा मनात घोळवले होते. आज तिला वाटले, कळले होते, म्हणूनच तर म्हण म्हणाले. "बरं," ते म्हणाले होते, आणि शाल घट्ट केली होती. एकोणसाठला ते पूर्ण बरे झाले, एकसष्टला म्हातारपणाने गेले. त्यांनी तिला दिलेला तेवढाच पाठ, आणि तो तिने सात वर्षे पुरा केला नव्हता.

"शालिकराम," ती म्हणाली, "आठवा कप्पा काढा." तिने वही उघडली नाही. ती ताठ बसली, डोळे उघडे ठेवून, आणि मोठ्याने म्हणाली, "पाचशे अकरा अठ्ठावन्न. अठ्ठावन्न पाचशे अकरा. पाचशे अकरा अठ्ठावन्न. अठ्ठावन्न दोनशे सहा." आवाज मध्ये एकदा फाटला, तिने तो तसाच पुढे नेला. शालिकरामने कार्ड तिच्या हातात दिले. उजव्या हाताच्या चट्ट्याचे छोटे चित्र होते, कमलाकांत डॉक्टरांच्या हातचे, आणि खाली लाल शाईत 'मुक्त'. तिने ते सातव्या जागी उभे केले. "कोनाचं आहे हे?" त्याने विचारले. "सहाशे चाळिसांतलं एक," ती म्हणाली. पुढची जवळजवळ पाचशे कार्डे एकेक घर सरकवायला दोघांना दिवेलागणीपर्यंत वेळ लागला, आणि बत्तिसाव्या कप्प्यात वीस झाली.

गुरुवारी मनकर्णा पहिल्या पाचात होती. खुशालराव, तिचा नवरा, बाहेर लिंबाखाली धोतराचा सोगा धरून उभा होता, आत यायला लाजत. अनसूयेने नाव ऐकले, पान पाहिले, सतराव्या कप्प्यातून कार्ड काढले आणि डॉक्टरांपुढे ठेवले. "डाव्या हाताची करंगळी वाकडी," डॉक्टर वाचू लागले, आणि वर पाहिले. मनकर्णेचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता, बांगड्यांखाली करंगळी वाकडी. डॉक्टरांनी पाचही काचांच्या तारखा वाचल्या आणि खुशालरावाला आत बोलावून सांगितले की औषध संपले, घरी न्या, एका ताटात जेवा. तो बायकोकडे पाहून म्हणाला, "खोपडीतला सामान उद्या आनतो. तू आजच चाल." ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. अनसूयेचे लक्ष कप्प्यातल्या तिच्या पुढच्या कार्डाकडे गेले, ज्यावर तांबड्या पेन्सिलीची मोठी फुली होती, रोग जोरात, वेगळे ठेवा. कालच्या तीन वाजताच्या हिशेबाने तेच मनकर्णेच्या नावावर आले असते. तिने कप्पा हळूच आत ढकलला.

संध्याकाळी डॉक्टर हरिहर आले. कार्डावर नावे लिहिण्याचा विषय त्यांनी काढला नाही. "बाई, रीत राहू द्या," ते म्हणाले, "पण तुम्हाला काही झालं तर? क्रम कुठे तरी लिहून ठेवा." "लिहिणार नाही," ती म्हणाली. "शिकवीन." शालिकराम कार्डे परत जागेवर लावीत होता, तो दचकला. "मले? बाई, माझी आठवी झाली फक्त." "माझ्यामागे म्हणा," ती म्हणाली, "आणि कुठे अडलात तर गाळू नका, थांबा आणि मोठ्यानं म्हणा." तो टोपी काढून सतरंजीवर बसला. रोज एक कप्पा, तिने ठरवले होते, पण तो दोन दिवस ऐकून इतका पुढे गेला होता की पहिल्याच संध्याकाळी आठव्या कप्प्यापर्यंत आला. तिने म्हणणे बंद केले आणि नुसती ऐकत बसली. जाडाभरडा आवाज, आकड्यांचे उच्चार सगळे अकोल्याचे, चाल मात्र ओसरीवरची. पाचशे अकराजवळ तिचा अंगठा आपोआप पेराकडे निघाला. शालिकराम थांबला नाही. "पाचशे अकरा अठ्ठावन," तो म्हणाला, "अठ्ठावन पाचशे अकरा, पाचशे अकरा अठ्ठावन," आणि तसाच, काही विशेष झाले नाही अशा आवाजात, दोनशे सहाकडे गेला. तिने हात मांडीवर उघडा ठेवला. "स्वच्छ म्हणता," ती म्हणाली. "पुढे चला."